दिवा आणूनही न जाणारा साप



मागील खेपेस आपण या ओसरीवर बसून चातुर्मासांतील जुन्या नेमांविषयीं बोललों. या खेपेचा विषय निराळा आहे, आणि तो मांडतांना लेखणी अंमळ अडखळते. कारण त्यांतील एक चूक माझी स्वतःची आहे. परंतु ज्या घरांत तीन-चार पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घरांतील वडील माणसांनीं आपल्या चुका झांकून ठेवल्या, तर धाकट्यांनीं शहाणें व्हावें तें कोणाच्या अनुभवावरून? म्हणून सांगतों.

माझ्या धाकट्या बंधूंचा नातू पुण्यास शिकावयास होता. मुलगा बुद्धीनें चांगला, स्वभावानें गरीब. परीक्षेच्या दिवसांत रात्र रात्र जागतां यावें म्हणून कोणा सोबत्यानें त्यास एक पांढरी भुकटी दिली. शहरांतील तरुण मंडळी जिला ‘एमडी’ म्हणतात, तें मेफेड्रोन नांवाचें उत्तेजक द्रव्य तें हेंच. आरंभीं परीक्षेपुरतें, मग शनिवार-रविवारीं, आणि शेवटीं रोज, अशी तीन वर्षें गेलीं. २०२३ सालच्या मार्गशीर्षांत त्याचे वडील त्यास घरीं घेऊन आले, तेव्हां अंगावर मांस उरलें नव्हतें आणि डोळे मात्र सारखे भिरभिरत होते.

भुकटी सुटली. आम्हांस वाटलें, संकट टळलें. परंतु दिवेलागणीच्या सुमारास माजघरांत तो एकाएकीं थबके. खुंटीवर टांगलेल्या माझ्या उपरण्याकडे टक लावून पाही, आणि हळूच म्हणे, “तिथें कोणी तरी उभें आहे.” खिडक्या लावून घेई. दाराच्या फटींतून अंगणांत पाही. बायकामाणसें घाबरलीं. कोणी दृष्ट काढली, कोणी सोंग म्हटलें.

मी मॅट्रिक झालेला, संस्कृत शिकवून निवृत्त झालेला मास्तर. दृष्टांत देण्याची खोड जन्माची. मीं त्यास ओसरीवर बसविलें आणि रज्जुसर्पाची गोष्ट सांगितली. अंधारांत दोरी पाहून सापाचा भास होतो. दिवा आणला कीं दोरी दिसते आणि साप जातो. एवढें सांगून मीं खरोखरच दिवा लावला, उपरणें हातांत घेऊन त्यास दाखविलें. म्हटलें, “पाहिलेंस? उपरणें आहे. गेला कीं नाहीं तुझा माणूस?”

तो म्हणाला, “आजोबा, उपरणें आहे हें मलाही कळतें. तरी तो दिसतो. तुमचा साप दिव्यानें जातो, माझा जात नाहीं.”

मला राग आला. “हीं सोंगें आतां पुरे,” असें मीं सर्वांदेखत म्हटलें. तो उठून आंत गेला आणि चार दिवस कोणाशीं एक शब्द बोलला नाहीं.

पांचव्या दिवशीं आम्ही त्यास तालुक्याच्या गांवीं मानसरोगांच्या डॉक्टरांकडे नेलें. हे डॉक्टर एके काळीं माझ्या वर्गांत शब्द चालवीत बसत. मुलास तपासून झाल्यावर त्यांनीं मला विद्यार्थ्यासारखें समोर बसविलें आणि म्हणाले, “सर, मुलगा खरें बोलतो आहे. त्याच्या पाहण्यांतच बिघाड झाला आहे.” त्यांनीं जें समजाविलें, आणि पुढें मीं वाचून पडताळून घेतलें, तें आपणांपुढें मांडतों.

आपण समजतों कीं डोळे पाहतात. वस्तुतः डोळा हा केवळ दरवाजा आहे. दृष्टिपटलावर पडलेल्या प्रकाशाचे निरोप सुमारें दहा लाख तंतूंच्या जुडींतून मेंदूंत जातात, मध्यें एका ठाण्यावर थांबतात, आणि अखेर डोक्याच्या अगदीं मागच्या भागांतील दृष्टिक्षेत्रांत पोंचतात. तेथून दोन वाटा फुटतात. एका वाटेनें ‘हें काय आहे’ याचा निर्णय होतो, दुसरीनें ‘हें कोठें आहे आणि कसें हालतें आहे’ याचा. शिवाय वरून खालींही निरोप येत असतात: पूर्वींची ओळख, अपेक्षा, भीति. म्हणजे पाहणें हें अर्धें ग्रहण आणि अर्धें अनुमान होय. इंद्रियाचा विषयाशीं संयोग झाला तरी मनाचा संयोग नसेल तर ज्ञान होत नाहीं, असें आपले नैयायिक म्हणत आले. त्यांची परिभाषा निराळी, पण डोळा एकटा पाहत नाहीं एवढें त्यांनीं ओळखलें होतें.

आतां या व्यवहारांत उत्तेजक द्रव्यें कोठें शिरतात तें पाहूं. मेंदूंतील एक पेशी दुसरीस निरोप देते तो रासायनिक द्रव्यांच्या द्वारें. त्यांतील एकाचें नांव डोपामीन. याचें एक काम असें कीं, समोर आलेल्या अनेक गोष्टींपैकीं लक्ष देण्याजोगी कोणती, यावर खूण करणें. टपालखात्यांत एखाद्या पत्रावर ‘तातडीचें’ असा शिक्का मारतात, तशांतला हा प्रकार समजा. निरोप पोंचला कीं डोपामीन परत गोळा करून घेतलें जातें. कोकेन हा परत जाण्याचा रस्ता अडवितें. अँफेटामीनच्या वर्गांतील द्रव्यें तर पेशींत शिरून आंतला सांठाच उलटा बाहेर ओततात. मेफेड्रोनही याच आप्तवर्गांतलें. परिणाम असा कीं, प्रत्येक चिटोऱ्यावर ‘तातडीचें’ हा शिक्का उठूं लागतो. पडद्याची हालचाल, रस्त्यावरील पाऊल, खुंटीवरचें उपरणें, जें एऱ्हवीं नजरेंतून निसटून जावें, तें अर्थपूर्ण आणि बहुधा भयावह वाटूं लागतें. वर्षानुवर्षें असें झालें म्हणजे शिक्के मारणाराच बिघडतो.

या कथेंतील एक योगायोग मनास चटका लावणारा आहे. कोकेनचा वैद्यकांतील पहिला मोठा उपयोग डोळ्यासाठींच झाला. व्हिएन्ना येथील तरुण नेत्रवैद्य कार्ल कोलर यांनीं १८८४ सालीं कोकेनचे थेंब डोळ्यांत घालून डोळा बधिर करतां येतो हें दाखविलें. तोंवर डोळ्यांची शस्त्रक्रिया रोगी शुद्धीवर असतां, वेदना सोसत करावी लागे. असंख्य लोकांस त्यामुळें दृष्टि लाभली. आणि अवघ्या पांच वर्षांत, १८८९ सालीं, फ्रान्समधील मान्यां या मानसवैद्यांनीं कोकेनच्या आहारीं गेलेल्या रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. कातडीखालीं किडे वळवळतात असें त्यांना वाटे. वैद्याच्या हातीं जें औषध दृष्टि देतें, तेंच व्यसनीच्या हातीं दृष्टि फिरवितें.

आपल्याकडेही ही बाधा नवी नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईस व कलकत्त्यास कोकेन विड्यांत घालून खाल्लें जात असे. जपानांत नागाई यांनीं १८९३ सालीं मेथअँफेटामीन तयार केलें. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचें व्यसन तेथें इतकें फोफावलें कीं १९५१ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला. लंडनचे कॉनेल यांनीं १९५८ सालीं अँफेटामीनमुळें होणाऱ्या चित्तभ्रमावर ग्रंथच लिहिला. कोणी पाठलाग करतें आहे, कोणी पाळत ठेवतें आहे, असा दृढ समज आणि त्यासोबत भास, हें चित्र त्यांत आहे. आमच्या मुलाचें दाराच्या फटींतून पाहणें मला तेव्हां उलगडलें. १९७८ सालीं अमेरिकेंत सीगल यांनीं कोकेन घेणाऱ्यांच्या दृष्टिभासांचा अभ्यास करून लिहिलें कीं, नजरेच्या कडेला ठिणग्यांसारखे प्रकाश व आकृति दिसणें हा त्यांच्यांत आढळणारा प्रकार आहे.

हे भास झाले नशेंतले. परंतु नशा उतरल्यावरही कांहीं शिल्लक राहतें काय? आहे, आणि तें थेट दृष्टिपटलापासून सुरू होतें. दृष्टिपटलांतही डोपामीन असतें, आणि कमी-अधिक उजेडास डोळ्यानें जुळवून घेण्याच्या कामीं तें लागतें. १९९७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं कोकेन सोडलेल्या रुग्णांची रंगपरीक्षा घेतली. रंगीत चकत्या छटेच्या क्रमानें लावावयाच्या, अशी ती परीक्षा असते. आपल्या घरांतील बायका रेशमाच्या लडी फिकटापासून गडदापर्यंत मांडतात तशी. या रुग्णांस निळ्या-पिवळ्या बाजूच्या छटा ओळखणें कठीण गेलें. त्याच वर्षीं दृष्टिपटलाची विद्युत्-प्रतिक्रिया मोजली असतां निळा रंग टिपणाऱ्या पेशींचा प्रतिसाद मंद झालेला आढळला. या पेशी मुळांतच थोड्या असतात, रंग टिपणाऱ्या शंभरांत पांच ते दहा. तेव्हां झीज झाली कीं तेथें आधीं जाणवावी हें समजण्यासारखें आहे. ज्या कंपवातांत मेंदूंतील डोपामीन कमी होतें, त्याच्या रोग्यांतही रंग व छायाप्रकाशाचे भेद ओळखण्यांत अशी उणीव येते. २०१३ सालीं झुरिचमधील अभ्यासांत व्यसनाधीनांतच नव्हे, तर अधूनमधून कोकेन घेणाऱ्यांतही निळ्या-पिवळ्याचा हा दोष अधिक आढळला. ही उणीव सूक्ष्म असते. निळें लुगडें हिरवें दिसेल असें नाहीं. ज्याची त्यास ती कळतही नाहीं, परीक्षेंतच उघडकीस येते.

डोळ्याच्या मागेंही हीच कथा. २००३ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत कोकेन घेणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें चमकता प्रकाश धरून चुंबकीय यंत्रानें मेंदूचें निरीक्षण केलें, तेव्हां त्यांच्या दृष्टिक्षेत्राचा प्रतिसाद इतरांहून अधिक तीव्र दिसला. याखेरीज हीं द्रव्यें रक्तवाहिन्या आंकुंचित करतात. त्यामुळें मेंदूच्या किंवा डोळ्याच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटून दृष्टि कायमची जाण्याचा धोका असतो. बाहुल्या विस्फारतात, उजेड खुपतो. आणि सतत जागरण, ज्यासाठीं आमच्या मुलानें हें सारें आरंभिलें, तें स्वतःच भास उत्पन्न करण्यास समर्थ आहे.

हें ऐकतांना मला माझी चूक नेमकी कळली. आपल्या शास्त्रकारांनीं भ्रमाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक निरुपाधिक: दोरीवरचा साप. दोरीचें ज्ञान झालें कीं तो नाहींसा होतो. दुसरा सोपाधिक: कावीळ झालेल्यास पांढरा शंख पिवळा दिसतो, तो. शंख पांढरा आहे हें त्यास पक्कें ठाऊक असतें, तरीही पिवळाच दिसतो. पित्त उतरेल तेव्हांच तो पांढरा दिसेल. कितीही सांगून, कितीही दिवे लावून उपयोग नाहीं. मीं हा भेद तीस वर्षें मुलांस शिकविला. आणि स्वतःच्या घरांत, काविळीच्या रोग्यापुढें दोरीचा दृष्टांत देत बसलों. आणि शंख पांढरा दिसेना म्हणून त्याच्यावरच रागावलों!

दुसरी एक गोष्ट आमच्या सूनबाईंच्या ध्यानांत आली, ती माझ्या पांडित्यापेक्षां मोलाची. सकाळीं उंबऱ्यापुढें रांगोळी घालतांना तो तेथून जाऊं लागला कीं तोंड फिरवी, घाम पुशी. प्रथम त्यांस वाटलें, मुलास घरच्या रीतीचा विटाळ झाला आहे. मग एके दिवशीं त्यांनीं हातांतल्या चिमटीकडे पाहिलें: पांढरी, बारीक भुकटी.

डॉक्टरांस हें सांगतांच ते म्हणाले, “काकूंनीं बरोबर ओळखलें.” फिलाडेल्फिया येथील चाइल्ड्रेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग त्यांनीं सांगितला. कोकेनच्या बावीस रुग्णांस व्यसनाशीं संबंधित चित्रें केवळ ३३ सहस्रांश सेकंद दाखविलीं, तींही मागोमाग दुसरें चित्र आणून अशीं झांकलीं, कीं आपण कांहीं पाहिलें हें त्यांस जाणवूंही नये. तरीसुद्धां मेंदूंतील वासनेशीं निगडित भाग जागे झाले. म्हणजे मनुष्यास कळण्यापूर्वींच त्याच्या दृष्टीनें ओळखलेलें असतें, आणि ओढ सुरू झालेली असते. रांगोळी पाहून मुलानें तोंड फिरविलें, तो तिरस्कार नव्हता. तो त्याचा लढा होता, आणि तो तो एकटाच लढत होता. दुसऱ्या दिवसापासून सूनबाईंनीं उंबऱ्यापुढें रांगोळीच्या जागीं झेंडूचीं व शेवंतीचीं फुलें मांडलीं. कोणास कांहीं सांगितलें नाहीं. मुलाच्या मात्र तें ध्यानांत आलें असावें. त्या दिवशीं बऱ्याच महिन्यांनीं त्यानें त्यांस आपण होऊन चहा मागितला.

आतां आशेचें बोलूं. वोल्को आणि सहकाऱ्यांनीं २००१ सालीं मेथअँफेटामीन सोडलेल्या पांच जणांचे मेंदू वर्ष-सव्वा वर्षाच्या संयमानंतर पुन्हां तपासले. डोपामीन परत गोळा करणारी जी यंत्रणा व्यसनानें घटली होती, ती बरीच भरून आलेली दिसली. मात्र स्मरणाच्या व हातांच्या चपळाईच्या परीक्षांत तितकी सुधारणा झाली नव्हती. याचा अर्थ असा कीं, मेंदू सावरतो. पण वेळ घेतो, आणि सर्व अंगांनीं सारखा सावरत नाहीं. चित्तभ्रम बहुतेकांचा द्रव्य सुटल्यावर कांहीं दिवसांत वा आठवड्यांत ओसरतो. कांहींचा रेंगाळतो, त्यांस औषध लागतें. जपानी वैद्यांनीं असेंही नोंदविलें आहे कीं, एकदां असा भ्रम होऊन गेलेल्या माणसास दीर्घ काळानंतरही थोडीशी मात्रा पुन्हां घेतल्यानें, क्वचित् केवळ मनस्तापानेंही, तो परत येऊं शकतो. ‘एकदांच घेतली तर काय बिघडतें’ या वाक्यास याहून अधिक उत्तर नको. आणि घरांत रोजची बोलणीं खाणाऱ्या मुलाच्या वडीलधाऱ्यांसही.

येथें एक खुलासा अवश्य आहे. कांहीं मुलांस चित्त एकाग्र होण्यासाठीं डॉक्टर उत्तेजक वर्गांतील औषध मोजून देतात. हा लेख वाचून कोणी तें आपल्या मनानें बंद करूं नये. वैद्यानें ठरविलेली मात्रा आणि बाजारांतली पुडी यांत कोलरच्या थेंबांत व व्यसनीच्या चिमटींत होतें तेवढेंच अंतर आहे.

लोकलज्जेविषयींही दोन शब्द. आपल्या घरांत अशी गोष्ट झांकण्याकडे कल असतो. आम्हीही पांच दिवस दवडले. मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ पासून अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं आलेलें आहे, तेव्हां पोलिसांच्या भयानें पालक गप्प बसतात. परंतु १९८५ च्या त्याच कायद्यांत ६४-अ हें कलम आहे: थोड्या प्रमाणांत द्रव्य स्वतःसाठीं बाळगणारा व्यसनी आपण होऊन मान्य संस्थेंत उपचार घेऊं लागला आणि ते पुरे केले, तर त्यावरील खटल्यापासून त्यास संरक्षण मिळूं शकतें. केंद्र सरकारचा १४४४६ हा विनामूल्य दूरध्वनि याच कामासाठीं आहे. पुण्यास १९८६ सालीं अनिल व सुनंदा अवचट यांनीं स्थापिलेलें मुक्तांगण आहे. मार्ग आहेत, पाऊल उचलण्याचा अवकाश.

घरच्यांनीं काय करावें, हें मीं डॉक्टरांस विचारलें. त्यांचें उत्तर साधें होतें. त्यास दिसतें तें ‘नाहींच’ म्हणून वाद घालूं नये, आणि ‘आहे’ म्हणून होकारही देऊं नये. “मला दिसत नाहीं, पण तुला दिसतें आणि भीति वाटते, हें मी समजतों,” एवढें म्हणून जवळ बसावें. झोंप वेळेवर, जेवण वेळेवर. संध्याकाळीं घरांत उजेड भरपूर, म्हणजे मेंदूस अनुमानाचें काम कमी पडतें. औषध चुकवूं नये. आणि इजा करून घेण्याचा वा करण्याचा रंग दिसला तर त्याच घटकेस रुग्णालय गांठावें.

त्या दिवशीं घरीं आल्यावर मीं मुलाची क्षमा मागितली. मास्तरकींत हें शब्द चालवावयास मीं कधीं शिकलों नव्हतों, त्यामुळें फार चांगलें जमलें नाहीं. मीं म्हटलें, “अरे, मीं दृष्टांत चुकीचा दिला. तुझें दुखणें दोरीचें नव्हे, शंखाचें आहे.” त्यास काय समजलें कोण जाणे, पण तो ओसरीवर माझ्या शेजारीं बसला. पुढें कित्येक संध्याकाळीं आम्ही तसेच बसत असूं. कधीं तो म्हणे, “आजोबा, आहे.” मी म्हणें, “बरें. मी येथेंच आहें.” आठव्या महिन्यानंतर ‘आहे’ म्हणणें विरळ झालें. अजून कधीं कधीं दिवेलागणीस तो खुंटीकडे एकवार पाहतो. मीं माझें उपरणें तेथें टांगणें सोडलें आहे.

सुज्ञ वाचकहो, आपल्या घरांतील एखादें मूल जर म्हणूं लागलें कीं मला असें असें दिसतें, तर दिवा अवश्य लावा. पण दिव्यानें भागलें नाहीं, तर मुलास खोटें ठरवूं नका. त्यास वैद्याकडे न्या, आणि पित्त उतरेपर्यंत शेजारीं बसा.